आंधळगाव ते तुमसर, मार्गे जपान

विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी मी आंधळगावाहून तुमसरला निघालो. लेक जर्मनीत, तिच्याकडे दोन महिने राहायचं होतं. त्यासाठी माकडटोपी घ्यायची होती आणि पासपोर्टची झेरॉक्स काढायची होती. सोबत नात स्वरा, वय वर्षं आठ. "आबाजी उद्या जाऊन राहिले, आजचा दिवस माझा," असं जाहीर करून तिनं शाळेला दांडी मारली होती.

बसमध्ये माझ्या मांडीवर स्वरा आणि स्वराच्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. कोंबडीनं वाटेत अंडंही दिलं असतं, पण ते ठेवायला जागा नव्हती. बाहेर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (भातखाचरं), मध्येच एखादी बोडी (लहान तळं), काठाला बगळे. स्वरानं जपानची गोष्ट मागितली. तिथल्या राजाला मी रोवणी (भातलावणी) शिकवली, त्यानं खूश होऊन स्वतःची बैलजोडी देऊ केली, पण जहाजात वैरणीची सोय नव्हती म्हणून मीच नको म्हटलं, ती. घरी मी तोंड उघडलं की सुनेला कुकर आठवतो आणि मुलाला मोटारपंप. बसून ऐकते ती एकटी स्वरा. वर्गातही तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमचे आबाजी जग फिरून आले म्हणून.

तुमसरच्या हवेत राइस मिलांचा कोंडा इतका, की खोल श्वास घेतला तर न्याहारी होऊन जाते. माकडटोपी मिळाली. मग झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं पासपोर्ट उलटापालटा केला आणि म्हणाला, "काकाजी, व्हिसा सोडला तं पाने सारे कोरे आहेत. पहिलीच खेप वाटते बाहेर जायची?"

स्वरानं ऐकलं.

हॉटेलात मी आलूबोंडा आणि तर्री मागवली. एरवी ही पोरगी तर्रीची वाटी चाटूनपुसून ठेवते. त्या दिवशी बोंडा तसाच.

"जपान?" तिनं विचारलं.

लोकांनी प्रश्न विचारायच्या आधी माझं उत्तर तयार असतं. पण तेव्हा हातातला घास मी परत ठेवला. "नाही गेलो, माय. नागपूरच्या पुढं कुठीच नाही गेलो."

"मंग सांगत काहून होते?"

"तू आयकत होती म्हणून."

तिनं बोंड्याची बशी माझ्याकडे सरकवली. जपानच्या राजासमोर डगमगलो नाही तो मी, पण त्या बशीकडे मला बघवेना. एकच श्रोता होता आयुष्यात, तोही गेला.

परतताना बसला गर्दी नव्हती. तरी ती माझ्यापासून वीतभर दूर बसली. बोडी मागे गेली तेव्हा तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. पासपोर्टची पिशवी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"आबाजी, विमानाचं भेव (भीती) लागून राहिलं का तुमाले?"

"हो."

ती सरकून जवळ आली आणि कोणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "भिऊ नका. मी सात खेपा बसली आहो विमानात. ढगाच्या वरती एक थांबा लागते. तिथं पाच मिनिट चाय प्याले उतरवतात. तिथवर डोळे मिटून बसाचं, पुढं सोपं आहे."

ही पोरगी तुमसर रोड स्टेशनाच्या पलीकडे गेलेली नाही. पण चांगल्या श्रोत्यानं मध्ये टोकायचं नसतं.

"चाय कसा राह्यते?"

"बरा राह्यते. साखर कमी टाकतात."

जर्मनीबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं खरं असल्यामुळे मजा नाही. एवढंच सांगतो की विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटले ते ढगांच्या वर गेल्यावरच उघडले. समोर चहा आला. साखर खरोखर कमी होती.

दोन महिन्यांनी आंधळगावात उतरलो तर स्टँडवर स्वरा, सोबत वर्गातल्या दोन पोरी. पासपोर्टवर आता शिक्के होते, ते दाखवायला मी पिशवीत हात घातला. तिला ते नको होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "थांबा लागला का, आबाजी?"

"लागला ना," मी म्हणालो. "तुयं नाव सांगतलं, तं साखर वाढवून देली."