हत्तीच्या जागी बनुबाई

"चपला काढा आधी," पीरमहंमद चाचा मला म्हणाले. ही आमची ओळख. न विचारता मी त्यांच्या चक्रावर चढले होते.

मिरजगावच्या अलीकडे, हायवेलगत पूर्वी एक पार्क होतं. पाळणे, झुकझुक गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या. ते बंद पडलं आणि आता तिथं कलाग्राम झालंय. घसरगुंडीच्या कोरड्या हौदात चित्रं लागलीत, तिकीटखिडकीत पुस्तकं. उद्घाटनाचं नाटक बसवायला मी आले होते. चाचा तिथले वॉचमन. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी घोड्यांचं गोल चक्र चालवलं. घोडे आणि त्यांच्यातला एकुलता हत्ती केव्हाच गेले होते. उरली होती नुसती मोठी लाकडी तबकडी, मधल्या लोखंडी कण्यावर तोललेली.

"चाचा, हा तर फिरता रंगमंच!"

"मॅडम, गंजलंय ते," व्यवस्थापक कल्याण सर म्हणाले. "पुढच्या सोमवारी भंगारवाला कापून नेतोय."

चाचांचा चेहरा उतरला. आवाज मात्र ठाम होता. "साहेब, रविवारी फिरवून दावतो. मानसं चढवून. न्हाई फिरलं, तर मी सोता कापून देतो."

आठ दिवस ते चक्राखाली आडवे होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. "आजून कुरकुरतंय," म्हणून परत ग्रीस.

रविवारी दुपारी कल्याण सर खुर्ची टाकून समोर बसले. माझे बारा नट, सगळे आसपासच्या गावांतले, चक्रावर चढले. लग्नाचा प्रसंग होता. प्रेक्षकांना दिसावं म्हणून नवरी मी पुढच्या काठाला उभी केली होती आणि अख्खं वऱ्हाड तिच्याभोवती.

चाचांनी बटण दाबलं. चक्र वीतभर सरकलं, कर्रर्र करत एका अंगाला कललं आणि खालच्या सिमेंटला घासून थांबलं.

कल्याण सर उठले. "राहू द्या, चाचा. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

चाचांनी मोटरकडे पाहिलंच नाही. त्यांनी माणसांकडे पाहिलं.

"मॅडम, समदं वऱ्हाड एकाच घोड्यावर बशीवलं की वो!"

"प्रसंगच तसा आहे, चाचा. नवरीभोवती—"

"मग परसंग बदला. साहेब, पाच मिनटं बसा."

आणि ते चक्रावर चढले. चपला काढून. बारीक माणसासमोर बारीक, जाडासमोर जाड. सुट्टीतल्या गर्दीला बसवायचे तसंच एकेकाला नजरेनं तोलून हलवू लागले. शेवटी नवऱ्याची आई झालेल्या बनुबाईंपाशी आले.

"बनुबाई, तुमी एकट्याच तिकडं. हत्ती हुता तिथं."

"आरं पीरभाई! भर मांडवात मला हत्ती म्हनतो व्हय?"

"हत्तीसाठी पोरं रांगा लावायची, बनुबाई. घोड्याला कोन इचारत न्हवतं."

बनुबाईंनी पदर खोचला आणि ऐटीत पलीकडच्या काठाला जाऊन नवरीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मी बघतच राहिले. विहीणबाईंचा रुसवा गेले चार दिवस मी नटांना नुसता तोंडानं समजावत होते. तो आता लांबूनही दिसत होता. एका टोकाला नवरी, दुसऱ्या टोकाला सासू, मध्ये कुणाची बाजू घ्यावी न कळणारं वऱ्हाड.

चाचांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला चक्राच्या मधोमध ठेवला. "ह्यातलं सांडलं, तर कापा."

बटण. चक्र हललं. आवाज नाही! रुसलेल्या बनुबाई देवीच्या पालखीसारख्या हळूहळू वळून आमच्या समोर आल्या, पुढं गेल्या, मग नवरी आली. एक फेरा. दोन. तीन. पेल्यातून थेंब सांडला नाही. वऱ्हाडानं शिट्ट्या मारल्या, मी टाळ्या पिटत नाचले.

कल्याण सरांनी तिथल्या तिथं भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही, परवाही नको. ते चक्र चालू आहे आमचं."

चाचांनी पेला उचलला आणि उभ्या उभ्या गटागट पिऊन टाकला.

"चाचा," कल्याण सर हळूच म्हणाले, "एक फेरा मी मारू का?"

चाचांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मारा की, साहेब. चपला काढा, आन् बनुबाईच्या बराबर समोर उभं ऱ्हावा."