आधी करंगळी, मग गेट आउट

खोका डाव्या हातावर पडला आणि करंगळीचं टोक चेपून गेलं. सुपरवायझरने आधी खोका पाहिला. "माल पे खून लगा दिया! गेट आउट!" असं ओरडून त्याने दाराकडे बोट केलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं.

काल्हेरच्या गोदामात तो माझा तिसरा दिवस. डोंगरावरचा पाडा सोडून मी, नवरा आणि लेक आलो होतो. राहायची खोली गोदामाचीच. काम गेलं तर खोलीही गेली.

पाड्यावरच्यांनो, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आई सांगायची, "कुनाच्या पन दारातून निंगताना जाते म्हनू न्हाय. येते म्हनावं." मी हात पदरात गुंडाळला आणि सवयीने म्हणाले, "येते, साहेब."

सगळ्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "अगं बये, हाकलतोय तो तुला! पाव्हनी हायस का?"

खोलीवर गेले, हळद दाबली, चिंधी बांधली. सकाळी पुन्हा गेटवर उभी.

"फिर आयी?" सुपरवायझर म्हणाला.

"येते म्हणून सांगून गेले होते."

त्याने चिंधीकडे पाहिलं आणि मला खोक्यांना टेप मारायला बसवलं. त्याला दया आली, असं माझी लेक म्हणते. दया कसली! दोन गाड्या भरायच्या होत्या आणि माणसं कमी होती.

आता इथे आमची स्वतःची खोली आहे, दारात तुळस आणि मिरचीचं झाड आहे. बरं चाललंय. नात इंग्रजी शाळेत जाते. परवा तिला 'अ‍ॅड इन्सल्ट टू इंज्युरी' वाक्यात वापरायचं होतं. पाऊस आला आणि मी छत्री विसरले, असं तिने लिहिलं. बाईंनी फुली मारली.

"आजी, आधी लागलं पाहिजे," ती म्हणाली, "आणि वरून कुणीतरी अपमान केला पाहिजे."

मी करंगळी पुढे केली. "हे लिही."

या वेळी बाईंनी बरोबरची खूण केली.

"दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहिलीस का?"

"ती त्यात येत नाही गं, आजी."

मग त्या इंग्रजीवाल्यांचं बोलणं अर्धंच आहे.

पाड्यावरून परतताना मी येते म्हणते. इथून पाड्याला निघतानाही येते म्हणते. दोन्हीकडे खरंच सांगते.

त्या दिवशी गोदामात होतो त्यांतल्या आम्ही तिघी आज काल्हेरात आहोत. दोघी हसल्या होत्या. तिसरी मी.