वाळूच्या फिजीवर पुरलेला नारळ

माझे बाबा कोकणातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. पॅसिफिकचा धडा आला की त्यांना चेव चढायचा. नारळ समुद्रात पडतो, महिनोन्‌महिने तरंगतो आणि कुठल्या तरी ओसाड बेटाला लागून आपला आपण रुजतो, हे सांगताना त्यांना तास संपल्याची घंटा ऐकू यायची नाही. तसा एक नारळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बाळगली.

दुबईत आमचं बरं चाललं होतं, तेव्हा मी त्यांना बोलावून घेतलं. इथून सगळे मिळून फिजीला जाणार होतो. ते आले आणि पंधरवड्यात मंदीने नवऱ्याची नोकरी खाल्ली. समुद्रात भर घालून जगाच्या नकाशासारखी, एकेका देशाच्या नावाची बेटं करायचं त्याचं काम होतं, ते थांबलं. "खलास," एवढंच तो घरी येऊन म्हणाला. तिकिटं रद्द केली. रडत मी होते आणि समजूत बाबा काढत होते.

नोटिशीचे दिवस चालू होते, साइटची बोट अजून जात होती. नकाशातली फिजी तरी बघता का, असं नवऱ्याने विचारलं आणि बाबा लगेच तयार झाले. परक्या समुद्रावर पहिल्यांदा जायचं, म्हणून वाहायला त्यांनी सुपरमार्केटातून नारळ आणला.

फिजी म्हणजे वाळूचा ढीग. झाड नाही, पक्षी नाही, साधा खेकडा नाही. बाबा सबंध फेरी मारून आले. मग तो नारळ समुद्राला न वाहता त्यांनी हाताने खड्डा उकरून वाळूत पुरला. माझं डोकंच फिरलं. सोललेला नारळ कधी रुजतो का, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले.

"रुजणार नाही, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण बेटावर नारळ नको का?"

बाबा कोकणात परतले. पुढच्या वर्षी नक्की जाऊ, असं मी दर वर्षी फोनवर म्हणायचे. ते हसून दुबईत शिकलेलं इन्शाल्ला म्हणायचे. आमचा जम पुन्हा बसेपर्यंत बाबा राहिले नाहीत.

शेवटी आम्ही खऱ्या फिजीला गेलो. दुसऱ्याच सकाळी भरतीने आणून टाकलेल्या पालापाचोळ्यात एक नारळ दिसला. न सोललेला, सोडणासकट, खाऱ्या पाण्याने काळा पडलेला, आणि वर हिरवा कोंब. मी तिथेच वाळूत बसले आणि मला रडू आवरेना.

"मम्मा, इट्स जस्ट अ कोकोनट," लेक म्हणाली.

हो गं, नारळच आहे, मी म्हटलं. आजोबांना एवढंच बघायचं होतं.