घरचं नाव

कामठीच्या लष्करी दफ्तरातल्या त्या बाबूचं नाव मी विचारलंच नाही. चष्मा कपाळावर चढवून तो कागदाला नाक लावून वाचायचा.

बायको जन्मभर सांगायची, तिचा आजा दामोदर पलटणीत होता. मी हसायचो, “फेकू नको वं.” ती गेली, तेव्हा शोधायला निघालो. चार खेपा झाल्या, दामोदर काही सापडेना.

पाचव्यांदा बाबू म्हणाला, “काकाजी, घरी त्याले काय म्हणत? भरतीवाला ऐकू येईल तेच लिहे.”

“डोमा.”

जुन्या रजिस्टरवर त्याची पट्टी ओळीओळीनं सरकत एका जागी थांबली. “हा घ्या डोमा. बापाचं नाव, गाव, सारं जुळून राहिलं. नक्कल कोणाच्या नावानं देऊ?”

मी बायकोचं नाव सांगितलं.

“त्या येतील न्यायले?”

“नाही, मीच नेतो. तिच्या फोटोपुढं वाचून दाखवाची आहे.”