माशाची वाळू, मुरमुऱ्यांची वाळू

बल्लारपूरला समुद्र नाही. ही गोष्ट आमच्या भाऊजींना कोणीतरी वेळेवर सांगायला हवी होती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मद्रास लाइनवर रेल्वेचे गार्ड. बाकीचे गार्ड मद्रासहून लुंग्या आणत, नारळ आणत. भाऊजींनी एकदा समुद्रातला मासा आणला. जिवंत! बोटाएवढा, पिवळा, अंगावर काळे पट्टे. सोबत रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांत समुद्राचं पाणी आणि पिशवीत समुद्राची वाळू, बारीक शिंपल्यांसकट. एका मोठ्या काचेच्या बरणीत त्यांनी हा सगळा समुद्र मांडला. पुढे त्यांची बदली काझीपेटला झाली, क्वार्टर मिळालं कोंबड्यांच्या खुराड्याएवढं, आणि समुद्र आमच्या घरी राहायला आला.

"याले जीव लावजो," भाऊजी मला बजावून गेले. "याले काई झालं ना, त मी ह्या घराची पायरी चढत नाई. अन् तुह्या बहिणीलेई दिवाळीले धाडत नाई!"

भाऊजी बोलले की करत. आईने त्या दिवसापासून माशाला जावयाचाच मान द्यायला सुरुवात केली. (म्हणजे समोर गेली की पदर सावरायचा आणि पाठ फिरली की बोलायचं.)

"मासा पाहाची वस्तू होय का रे?" ती मला विचारी. "वर्धा नदीत येवढाले मासे पडले, त्यायले कोणी पाहून राह्यलं का?"

पण गल्ली पाहायला येत होती. आमच्या गल्लीत समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. लोक येत, बरणीत बोट बुडवत, चाटत आणि म्हणत, "खारटच हाय बाप्पा!" त्या चाटण्यापायी समुद्राची पातळी सारखी खाली जाई, आणि भाऊजींना ओळखीच्या गार्डांबरोबर नवे डबे धाडावे लागत.

असा मान मिळाल्यावर माशाला बरणीत ठेवणं मला बरं दिसेना. मी सुताराकडून ऐसपैस टाकी करून घेतली. सागवानी चौकट, चारी बाजूंनी काच, पाणी गळू नये म्हणून सांध्यांत लांबी भरलेली. आत लहान मूल झोपलं असतं. भाऊजींनी पाण्याचे डबे धाडले आणि डबे आणणाऱ्या गार्डाबरोबर निरोपही धाडला: वाळू मात्र जुनीच टाक, नव्या वाळूत तो बुजते, रविवारच्या पॅसेंजरने येतो टाकी पाहाले.

रविवारी सकाळी मी बरणीतली वाळू उपसली. वरून पांढरी दिसणारी ती वाळू खाली काळीठिक्कर निघाली आणि असा वास सुटला, की शेजारच्या दामोदरभाऊंनी भिंतीपलीकडून विचारलं, "अंडी नासली का हो?" मी वाळू घमेल्यात भरून अंगणात उन्हाला ठेवली. बरणीत नुसत्या पाण्यात मासा राहिला, अंगाखालची सतरंजी ओढल्यासारखा.

आता इथे आमच्या आईची वाळू येते. आई सावली गावाकडची, धानाच्या मुलखातली. तिकडे मुरमुरे घरीच भाजतात. कढईत वाळू तापवायची, त्यात तांदूळ टाकायचे, फुलले की चाळणीने चाळायचे. वाळू खाली पडते, मुरमुरे वर राहतात. ही वाळू वर्षानुवर्षं तीच. जितकी जुनी, जितकी काळी, तितके मुरमुरे हलके. बाकीच्या सुना माहेरून भांडी आणतात. आमच्या आईने वाळूही आणली होती. जावई येणार म्हणून तिनेही त्या सकाळी आपली वाळू घमेल्यात घालून अंगणात उन्हाला ठेवली.

अंगणात दोन घमेली. दोन्हींत काळी वाळू.

मी टाकीत पाणी भरून बाहेर आलो तोवर चांदा जिल्ह्याच्या उन्हाने आपलं काम केलं होतं. दोन्ही घमेल्यांतली वाळू कोरडी ठाक, आणि शिंपले सगळे तळाशी दडलेले! माझी कोणती? आईला विचारलं असतं तर संपलं असतं. पण मी खाणीच्या ऑफिसात कारकून, डोकं चालवायची सवय. मी विचार केला, समुद्राला वास असतो, तर जिला वास ती माझी. मी वाकून दोन्ही हुंगल्या. एकीचा वास उन्हात उडून गेला होता. दुसरीला मात्र दमदार वास होता. धुराचा, तेलाचा, आणखी कशाकशाचा. म्हटलं, हाच समुद्र! उचललं घमेलं आणि ओतलं टाकीत.

पाणी शाईसारखं झालं.

"बसन् खाली थोड्या वेळानं," मी बायकोला म्हणालो. "शांते, तू मासा सोड टाकीत. मी लोकायले बलावून आणतो."

"अवो, आयका त—"

"आता वेळ नाई!"

"पण हे पाणी—"

"आल्यावर सांगजो!" आणि मी निघालोसुद्धा.

परत आलो तेव्हा माझ्यामागे अर्धी गल्ली होती. टाकीतलं पाणी तसंच काळं. बरणी जागेवर नव्हती. म्हणजे मासा आत गेला. लोक टाकीभोवती दाटीवाटीने बसले. सगळ्यांनी काचेला नाकं लावली.

"कुठी हाय?" अखेर दामोदरभाऊंनी विचारलं.

"त्या कोपऱ्यात," मी ठणकावून सांगितलं. "नवीन जागा हाय, लाजून राह्यला. निरखून पाहा लागते."

दामोदरभाऊंनी निरखून पाहिलं. "हाव! दिसला! दिसला!"

मग काय, एकाला दिसल्यावर दुसऱ्याला न दिसून कसं चालेल? "आता वर आला पाहा!" "पट्टे कसे चमकून राह्यले!" "मोठा झाला हो पहिल्यापेक्षा!" एका म्हाताऱ्याला तर दोन दिसले.

शांता स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणा करत होती. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. आणि तेवढ्यात भाऊजी दारात उभे! अंगावर पांढरा गणवेश, काखेत झेंड्या.

ते टाकीजवळ आले. वाकले. या काचेतून पाहिलं, त्या काचेतून पाहिलं.

"मासा कुठी हाय?"

"आराम करून राह्यला, भाऊजी."

"अन् पाणी काऊन काळं?"

"तुमचीच वाळू हाय. जुनी."

भाऊजींच्या कपाळावरची शीर उडू लागली. आई ती शीर ओळखून होती. ती धावत परात घेऊन आली. "जवाईबापू, पह्यले बसा. गरम मुरमुरे हायेत, आत्ताच भाजले."

भाऊजींनी माझ्यावरची नजर न काढता मुरमुऱ्यांचा बकाणा भरला. चावला.

कट्ट!

भाऊजींनी दोन बोटं तोंडात घातली आणि दातातून एक बारीकसा पांढरा शिंपला काढला. (वाळू चाळणीतून खाली गेली होती. शिंपले मुरमुऱ्यांएवढेच, ते कुठे जातील!)

"हा मद्रासचा हाय," भाऊजी हळूच म्हणाले.

"अगं माय!" आई म्हणाली. "म्हणूनच आज मीठ न लावता मुरमुरे खारे झाले! मी म्हटलं, तांदूळच चांगला..." आणि एकदम तिची नजर टाकीकडे गेली. "माही वाळू! माह्या माहेरची वाळू! बुडवली रे यानं, मिठाच्या पाण्यात बुडवली!"

भाऊजींना तिचं माहेर दिसत नव्हतं, त्यांना मासा दिसत नव्हता. त्यांनी गणवेशाच्या बाह्या सारल्या आणि दोन्ही हात टाकीत घातले. तळ चाचपला, कोपरे चाचपले. हात बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे, आणि रिकामे.

"गेला," भाऊजी म्हणाले. झेंड्या उचलल्या. "चाललो मी. पोरीची वाट नका पाहू दिवाळीले."

आई डोळ्यांना पदर लावून त्यांच्यामागे धावली.

"थांबा, भाऊजी," शांता म्हणाली.

ती आतून आली ती बरणी घेऊन. बरणीत स्वच्छ पाणी आणि पाण्यात मासा. पिवळा, पट्टेदार, झकास.

"काळं पाणी पाहून मी सोडलाच नाई याले. चुलीपासून लांब ठेवला झाकून. मी मघापासून सांगून राह्यली, पण इथी आयकते कोण?"

भाऊजींनी बरणी हातात घेतली. उजेडाला धरली. मग ती शांतालाच परत दिली. "आजपासून हा तुह्या हवाली, शांताबाई. दिवाळीले नणंद येईन, तिले दाखवजो. अन् ह्याले," माझ्याकडे बोट करून, "बरणीले हात लावू देऊ नको!"

आईने डोळे पुसले आणि शिंपले निवडायला परात ओढली. सगळं निभावलं होतं. तेवढ्यात दामोदरभाऊ टाकीकडे बघत पुटपुटले, "मंग आमी मघापासून पाह्यलं काय?"

एकेक जण चपला शोधत गुपचूप निघून गेला. मी त्यांना दोष देत नाही. ते बिचारे माझ्या सांगण्यावरून पाहत होते. पण खरं सांगायचं तर त्या काळ्या पाण्यात मासा मलाही दिसला होता, चांगला शेपूट हलवताना. आणि एकदा तर त्याने मला ओळखही दिली होती!