मांडवातलं बाळंतपण

पोर रडत नव्हतं. निळं पडलं होतं आणि वैशाली सिस्टरच्या हातात लोळागोळा झालं होतं. आम्ही तालुक्याच्या आरोग्य ऑफिससमोर संपाच्या मांडवात होतो. सतरंजीवर बाळंतीण, भोवती नर्सबाया बॅनरचा आडोसा धरून उभ्या. बॅनरवर लिहिलेलं, 'आम्हाला कायम करा'.

"अँबू!" सिस्टर ओरडली. अँबू म्हणजे तोंडावर धरून श्वास द्यायची रबरी पिशवी. ती उपकेंद्रात, आणि उपकेंद्राची चावी आम्हीच संपाच्या पहिल्या दिवशी ऑफिसात जमा केलेली.

मी त्या उपकेंद्राची परिचर. म्हणजे झाडलोट, पाणी आणि बाळंतपणात सिस्टरच्या हाताखाली. शाळा चौथीपर्यंत. मी पदराने पोर खसाखसा पुसलं, पाठ चोळली. सिस्टरने बोटाला कापड गुंडाळून तोंडातला चिकटा काढला आणि स्वतःचं तोंड लावून हलकी फुंकर घातली. परत घातली.

चूक सिस्टरचीच होती. ती प्रत्येक गरोदर बाईला सांगायची, "कळा आल्या की मी असेन तिथं ये." संपाचं गावभर सांगितलं, पण हे मागं घ्यायचं राहिलं. आंदर मावळातल्या एका म्हातारीने सुनेला जीपमध्ये घातलं, वाटेतला दवाखाना सोडला आणि थेट मांडवात आणलं. जीपवाला उतरवून निघूनही गेला.

"मावशी, इथं कुठं आणलंत?" सिस्टर म्हणाली.

"तुमीच म्हणलता न्हवं, म्या आसंन तितं ये? आलो."

अँब्युलन्सला फोन केला. सुट्टीला लागून आलेला शुक्रवार. लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांनी हायवे तुंबलेला. अँब्युलन्स कुठं अडकली होती, तिलाच ठाऊक. इकडे डोकं दिसायला लागलं.

आमच्या पुढारी मंगलताई घाबरल्या. "हात लावलास तर संप फुटला म्हणतील. काही झालं तर केस तुझ्यावर."

सिस्टर कंत्राटी. म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर, ती संपली की दुसरी. तरुणपण त्यातच गेलं. आणि ऑफिसातल्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत कामावर या, नाहीतर ऑर्डर रद्द, नव्या मुली भरतो.

ती म्हणाली, "ताई, भाषण नंतर. बॅनर काढा आणि आडोशाला धरा."

फुंकरी चालू होत्या. पोराने आधी एक शिंक दिली, मग असा टाहो फोडला की रस्त्यावरचे रिक्षावाले टाळ्या वाजवायला लागले.

टाळ्या ऐकून साहेब खाली आले. "संपावर असताना डिलिव्हरी? कुणाला विचारून?"

म्हातारी म्हणाली, "जल्माला यायला पोरानं अर्ज करायला पायजे व्हता का, सायेब? गाडी काढा तुमची. सुनंला दवाखान्यात न्यायचीय."

साहेबांनी गाडी दिली. पण जाता जाता सिस्टरला म्हणाले, "ऑर्डर रद्द म्हणजे रद्द."

"मग बगा नवी कोण आमच्या पोरांना हात लावती," म्हातारी साहेबांच्या गाडीच्या दारातून म्हणाली. मला वाटलं, रागात बोलली. पण तिने घरोघर जाऊन सांगितलं. नवी मुलगी आली, लसीकरणाच्या दिवशी खुर्ची टाकून बसली. एकही आई पोर घेऊन आली नाही. पुढच्या वेळी तेच. बातमी शेजारच्या गावांत गेली, तिथंही तेच. वरून साहेबांना फोन यायला लागले की मावळात लसी का पडून आहेत.

सिस्टरची रद्द झालेली ऑर्डर साहेबांनीच परत काढली. पुढे कायम झाल्याचा कागद आला तेव्हा उपकेंद्रात आम्ही पेढ्यांचे दोन बॉक्स संपवले. म्हातारी ट्रॅक्टर भरून बाया घेऊन आली होती. मला काही मिळालं नाही, परिचर त्या मागणीत नव्हत्याच. तरी पेढे मीच जास्त खाल्ले.

मांडवातलं बाळंतपण बघून साहेबांचं मन वळलं, असं आता लोक सांगतात. खोटं आहे. ते बघूनही त्यांनी ऑर्डर रद्दच केली होती. लसी पडून राहिल्या तेव्हा ते हलले. दया येऊन सरकारी कागद निघत नाही, काम अडलं की निघतो.

पोर मुलगी होती. ती जगली. तिची आईही जगली.