रिकाम्या नळीतला आकडा

करणी, भानामती, झपाटणं... असलं सांगणाऱ्याला मी आजवर हसून हाकललंय. आमच्या घरी लिंबू येतं ते सरबतासाठी. आता मीच लिहायला बसलो तर बायको म्हणते, "लोक तुम्हाला हाकलतील." हाकला, पण आधी ऐका.

शेलार गावाजवळ लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या तेलाचा आमचा छोटा कारखाना. तिथल्या लॅबचा मी प्रमुख, म्हणजे मी आणि मदतनीस पाटील मामा. मामा खारबावचे, शिक्षण सातवी, निवृत्तीला आठ महिने बाकी. टँकर आला की बाटलीत नमुना काढायचा, सिरिंजने घनता मोजायच्या मशीनच्या काचेच्या नळीत हळूहळू सोडायचा. एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. मग नळी धुऊन हवेने कोरडी करायची. रिकाम्या नळीचा आकडा जवळजवळ शून्य. शास्त्र एवढंच... पण माझी मिजास विचारू नका!

त्या दुपारी गेटवर दोन टँकर होते, दोन वेगळी तेलं. पहिल्याचा नमुना सोडला, आकडा ०.८९१२. मर्यादेच्या पार बाहेर. मी मामांवर घसरलो.

"नळी नीट धुतली नाही तुम्ही!"

"धुतली हाय साहेब. दोनदा."

"तुमच्या दोनदाला मी ओळखून आहे."

"मंग आता तुमीच धुवा. मी बगतो."

मी धुतली, कोरडी केली. आत टिपूस नाही. आणि स्क्रीनवर ०.८६३७! तीनदा पाहिलं, तेच. पुरावा म्हणून मोबाईलमध्ये फोटो काढला आणि तिथेच, मामांच्या देखत, मॅनेजरला चिठ्ठी लिहिली — निष्काळजीपणाने मशीन बिघडवलं, कामावरून कमी करावं.

मामांनी ती वाचली. म्हणाले, "चष्मा घाला न् बाटली बगा."

चष्मा माझ्या कपाळावर होता. मी नमुना घेतला होता त्या बाटलीवर माझ्याच अक्षरात दुसऱ्या टँकरचा नंबर. पहिल्याची बाटली टेबलाच्या कोपऱ्यात, सीलसकट. सील फोडलं, नमुना सोडला...

०.८६३७. चौथ्या अंकापर्यंत तोच.

सर्व्हिस इंजिनिअर आला, म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. सर, तुम्ही धुवायला विसरला असाल." अरे शहाण्या, विसरलो असतो तर आधीच्या तेलाचा आकडा दिसला असता! सीलबंद बाटलीतला नळीत कसा येईल? त्याने फोटो पाहिला, बॅग उचलली आणि चहाही न घेता निघाला.

चिठ्ठी मी फाडली. "मामा, सॉरी."

"मशीनला बोला," मामा म्हणाले. "पयल्या टँकरचा खरा आकडा तिने आदीच दावला, नोकरी वाचवली माजी. तुमी न्हाय."

पुढचे आठ महिने ते माझ्याशी फक्त आकड्यांत बोलले. शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवला, मला सोडून. त्या रिकाम्या नळीत आकडा कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही. मामांनी हात का नाही दिला, ते मात्र कुणी समजावायला नको.